स्कॉलरशिपच्या टेबलावरचा कॉम्प्युटर

कॉलेजात नवा कॉम्प्युटर आला की तो आधी प्राचार्यांच्या केबिनमध्ये लागतो. केबिनमधला लॅबमध्ये जातो, लॅबमधला ऑफिसात, आणि ऑफिसातही जो कोणालाच नको असतो तो स्कॉलरशिपच्या टेबलावर येतो. भंडारा जिल्ह्यात तुमसर असो, पवनी असो, लाखांदूर असो, मला हाच क्रम दिसत आला आहे. ज्या टेबलावरून शेकडो पोरांच्या फीचा आणि मेसच्या पैशाचा रस्ता जातो, तिथे इमारतीतले सर्वांत थकलेले यंत्र. दोन जीबी रॅम, ३२ बिटची विंडोज ७, किरकिरणारा पंखा. हा क्रम उलटा करा, असे मी प्रत्येक ठिकाणी सांगतो. तोवर आहे ते यंत्र चालते ठेवायचे. ही टिपणे त्या कामातली.

*

महाडीबीटी म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्त्यांची वेबसाइट, तिथे इन्स्टॉल काय करायचे, असे पुष्कळांना वाटते. साइटला ब्राउझर लागतो. ब्राउझरला त्याला झेपणारी विंडोज लागते. बोटाचा ठसा घ्यायचा तर त्या यंत्राचा ड्रायव्हर आणि वर आरडी सर्व्हिस. दाखले चढवायचे तर स्कॅनरचा ड्रायव्हर. मुलाचे नाव मराठीत टाकायचे तर युनिकोड कीबोर्ड. यातले एक काही अडले की अर्ज अडला, आणि टेबलापलीकडे उभ्या असलेल्या मुलीला ऐकू येते ते एकच: "सर्व्हर डाउन आहे." सर्व्हर खरेच बंद असतो, नाही असे नाही. २०१७-१८ हे महाडीबीटीचे पहिले वर्ष. पोर्टल इतके अडखळले की अर्ज परत कागदावर घ्यावे लागले होते. पण मला जितक्या वेळा बोलावणे आले त्यातल्या बहुतेक वेळा दुखणे त्या खोलीतच होते.

*

घड्याळापासून सुरुवात करावी. 'कनेक्शन सुरक्षित नाही' अशी सूचना आली की मी आधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख बघतो. तिथे २००९ किंवा २०१० सालचा जानेवारी दिसला की निम्मे काम झाले. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. तो संपला की कॉम्प्युटर दररोज सकाळी त्याच जुन्या तारखेला उठतो. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते; २००९ सालात बसलेल्या यंत्राच्या हिशेबी आजच्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नसते. म्हणून ते साइट उघडू देत नाही. ते त्याच्या जागी बरोबर असते.

किरकोळ किमतीचा सेल, आणि त्यापायी लाखांदूर तालुक्याच्या टोकाच्या गावची पोरे एसटीचे भाडे भरून परत जातात. तारीख हाताने बदलून वेळ मारून नेऊ नये, दुसऱ्या दिवशी तेच होते. सेल बदलावा.

*

तारीख बरोबर असूनही प्रमाणपत्राची तक्रार येत असेल, तर विंडोजच्या पोटातली मूळ प्रमाणपत्रांची यादी जुनी झालेली असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी जगभर वापरले जाणारे असे एक मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झाले आणि वर्षानुवर्षे अपडेट न केलेल्या यंत्रांवर एकाएकी कितीतरी साइट उघडेनाशा झाल्या. फायरफॉक्स स्वतःची यादी स्वतःजवळ बाळगतो, विंडोजवर विसंबत नाही. म्हणून जुन्या यंत्रावर मी तो नेहमी ठेवतो.

*

विंडोज एक्सपीचे पोषण मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवले, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी. विंडोज ७ वर चालणारा शेवटचा क्रोम म्हणजे १०९. तो पुढे सरकत नाही, कितीही अपडेट दाबा. फायरफॉक्सची ११५ क्रमांकाची ईएसआर, म्हणजे लांब मुदतीची, मालिका मात्र विंडोज ७ साठी बरीच पुढे चालवली गेली. एक्सपीवर वेळ घालवू नये. आजची सुरक्षित जोडणी त्याच्या मूळ रचनेतच नाही. एक्सपीचे यंत्र बोनाफाइड टाइप करायला ठेवावे आणि त्याची नेटची केबल काढून घ्यावी.

*

रोवणीच्या दिवसांत ठसे लागत नाहीत.

प्रवेश आणि स्कॉलरशिपची गर्दी नेमकी जुलै-ऑगस्टात, आणि आपल्या धानाच्या जिल्ह्यात तेच रोवणीचे दिवस. पोरगी सकाळी बांधीत परे लावून येते, दुपारी कॉलेजात. बोटांची कातडी पाण्याने सुरकुतलेली, चिखलाने भेगाळलेली. अर्जासाठी आधारवरून ओळख पटवावी लागते; आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर ओटीपी येत नाही, मग ठशाशिवाय वाट नाही. यंत्र 'ठसा जुळत नाही' म्हणते आणि पोरगी आपल्याच बोटांकडे ओशाळून बघते. मला हे बघवत नाही. दोष तिच्या हातांचा नाही, हे आधी तिला सांगावे. मग कोमट पाण्याने हात धुऊन पूर्ण कोरडे करू द्यावेत, दहाही बोटे लावून बघावीत, यंत्राची काच मऊ फडक्याने पुसावी. बहुतेक वेळा अनामिका किंवा करंगळी लागते. कामात त्यांची झीज कमी. तेवढ्याने नाही झाले तर आठवडाभराने, रोवणा आटोपल्यावर बोलवावे, आणि अर्जाची शेवटची तारीख तोवर उलटणार नाही याची नोंद बाबूने आपल्या वहीत ठेवावी, तिच्या नव्हे.

विडी वळणाऱ्या आयांचे ठसे तर कायमचे झिजलेले असतात. बँकेत तोच त्रास, रेशनच्या दुकानात तोच.

*

आरडी सर्व्हिस म्हणजे काय, हे एकदा नीट लिहून ठेवतो, कारण सगळ्यांत जास्त दिवस इथे वाया जातात.

पूर्वी ठशाचे यंत्र बोटाचे चित्र घ्यायचे आणि कॉम्प्युटरला द्यायचे. ते चित्र कोणी साठवून परत वापरू शकत होता. म्हणून २०१७ पासून आधार प्राधिकरणाने नोंदणीकृत यंत्रेच चालतील असे ठरवले. प्रत्येक यंत्राची ओळख नोंदलेली, आणि ठसा बाहेर पडतो तो कुलूपबंद होऊनच. हे काम सांभाळणारा जो छोटा प्रोग्राम पाठीमागे चालू असतो तो आरडी सर्व्हिस. ब्राउझर त्याला त्याच कॉम्प्युटरच्या आत, ११,१०० ते ११,१२० या पोर्टांवर शोधतो. सापडला तर ठसा, नाही तर 'डिव्हाइस नॉट फाउंड'.

तपासण्याचा माझा क्रम असा. यंत्र सरळ मागच्या यूएसबीत लावायचे. पुढच्या यूएसबीला जुन्या कॅबिनेटमध्ये वीज पुरत नाही. मग डिव्हाइस मॅनेजर उघडायचे. पिवळा त्रिकोण आणि कोड ५२ दिसला तर ड्रायव्हरवरची डिजिटल सही विंडोज ७ ला ओळखता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. नव्या पद्धतीची, म्हणजे शा-२ ची, सही ओळखायला विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा एक पॅच लागतो, केबी ४४७४४१९. तो सर्व्हिस पॅक १ वरच बसतो. म्हणजे आधी सर्व्हिस पॅक, मग पॅच, मग रीस्टार्ट, मग ड्रायव्हर, मग आरडी सर्व्हिस, आणि यंत्र जोडायचे ते शेवटी. क्रम चुकला की सगळे काढून पहिल्यापासून. त्यानंतरही सापडत नसेल तर अँटिव्हायरसने पोर्ट अडवले आहेत का बघावे. आणि सेवा चालू आहे, यंत्र दिसते आहे, तरी 'नोंदणी नाही' असे येत असेल, तर यंत्राच्या नोंदणीची मुदत संपलेली असते. ती विक्रेत्याकडून पैसे भरून वाढवावी लागते. यासाठी कॉलेजच्या खर्चात कुठे खातेच नसते, म्हणून हे प्रकरण महिनोन्‌महिने पडून राहते. प्राचार्यांनी इथे लक्ष घालावे. रक्कम फार नसते.

इतके करून हे यंत्र लागले की मी बाबूंना म्हणतो, आता याला दुसरीकडे नेऊ नका, वायरसुद्धा हलवू नका.

*

तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. मॅंगनीज खाण कामगारांच्या आणि विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या श्रम मंत्रालयाची वेगळी शिष्यवृत्ती आहे. इयत्तेप्रमाणे वर्षाला १,००० पासून २५,००० रुपयांपर्यंत. ती महाडीबीटीवर दिसत नाही, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर दिसते. आपल्या टेबलावर महाडीबीटीचीच सवय, म्हणून हे पान उघडलेच जात नाही. खाणीच्या आणि विडीच्या गावांतली पोरे तर आपल्याच कॉलेजात आहेत. आईवडिलांचे कामगार ओळखपत्र आहे का, हा एक प्रश्न प्रवेशाच्या दिवशीच विचारावा.

*

कृतिदेवचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ऑफिसातले जुने टायपिंग सगळे कृतिदेवमध्ये. त्यातून नाव उचलून पोर्टलवर चिकटवले की इंग्रजी अक्षरांचा खिचडा उमटतो. कृतिदेव हा फक्त अक्षराचा चेहरा. खाली इंग्रजी कळांचेच कोड असतात. युनिकोडमध्ये मात्र 'भ' चा कोड 'भ' चाच. विंडोज ७ मध्ये इन्स्क्रिप्ट मांडणीचा मराठी कीबोर्ड आतच असतो, भाषेच्या सेटिंगमधून चालू करायचा. इन्स्क्रिप्टची सवय नसलेल्या बाबूंना मी टायपिंग शिकवत बसत नाही. त्यांच्या कळांची जागा युनिकोडमध्येही तीच राहील असा रेमिंग्टन मांडणीचा कीबोर्ड टाकून देतो. वीस वर्षांचा हात बदलायला लावू नये.

*

पोर्टलला फाइल हवी २५६ केबीच्या आत. स्कॅनर आपणहून ३०० डीपीआय रंगीत घेतो आणि जातीचा दाखला दोन-तीन एमबीचा होतो. मग पोरे फोटोकॉपीच्या दुकानात वीस-तीस रुपये देऊन 'साइज कमी' करून आणतात आणि सोबत पेनड्राइव्हमधून व्हायरस. १५० डीपीआय, करडा रंग, जेपीईजी, एवढे एकदा ठरवून सेव्ह केले की हा खर्च संपला. दाखल्यावरचा क्रमांक आणि शिक्का वाचता येतो की नाही, हे चढवण्याआधी डोळ्यांनी बघावे. धूसर दाखल्याचा अर्ज समाजकल्याणहून परत येतो, आणि परत आलेला अर्ज मुलाला महिन्याने कळतो.

*

साकोलीच्या बाजूला आढळणारी एक अडचण. वडिलांचा जातीचा दाखला जुना, त्यावर 'जिल्हा भंडारा'. मुलाचा रहिवासी दाखला 'जिल्हा गोंदिया'. तपासणारा नवखा असेल तर विसंगती म्हणून अर्ज परत. विसंगती काहीच नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या अर्जुनी मोरगाव, तिरोडा, गोरेगावच्या कागदांवर भंडाराच असणार. लाखनी तालुका होण्याआधीच्या दाखल्यांवर साकोली असते, तेही तसेच. पोर्टलच्या यादीत दाखला देणारा जिल्हा निवडताना दाखल्यावर छापलेला निवडावा, आज गाव ज्यात आहे तो नव्हे, आणि शेऱ्याच्या जागी जिल्हा वेगळा झाल्याची तारीख लिहावी.

*

यादीत सर्वांत वर जी 'भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती' दिसते तिचा उगम १९४४ सालचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगोंपुढे अस्पृश्य समाजाच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन ठेवले होते आणि उच्च शिक्षणासाठी सरकारी पैशाचा आग्रह धरला होता. त्याआधी तीन दशके, १९१३ मध्ये, ते स्वतः बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले होते. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. आणि १९५४ मध्ये हेच बाबासाहेब आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले, हरले. या तिन्ही गोष्टी स्कॉलरशिपच्या खोलीत मोठ्या अक्षरांत लावाव्यात असे मला मनापासून वाटते. अर्ज भरणाऱ्या पोराला कळावे की तो कोणापुढे हात पसरत नाही. हा हक्क त्याच्यासाठी कोणीतरी भांडून मिळवला आहे, आणि त्या हक्काच्या आणि त्याच्या मध्ये संपलेला सेल येऊ नये.

*

अर्ज असे अडणे आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत कॉलेजच्या मदतीसाठी फाफ्सा नावाचा एकच अर्ज असतो, तो एरवी १ ऑक्टोबरला खुला होतो. नव्या रूपातला अर्ज २०२३ मध्ये डिसेंबरच्या अगदी शेवटी उघडला, तोही थोडा थोडा वेळ. ज्यांच्या आईवडिलांकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नव्हता त्या मुलांना तो कित्येक आठवडे पुराच करता येईना. आधारला मोबाइल न जोडलेल्या आपल्या पोरांची आठवण यावी असाच प्रकार. जिथे ओळखीचा क्रमांक हाच दरवाजा असतो तिथे क्रमांक नसलेल्यांचा विचार आधी व्हावा. तो शेवटी होतो.

*

पैसे 'मंजूर' दिसतात, खात्यात येत नाहीत. इथे कॉम्प्युटरचा संबंध संपतो, तरी प्रश्न आमच्याकडेच येतो, म्हणून लिहितो. बँकेत आधार दिले म्हणजे डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, ते जोडले गेले असे नाही. एनपीसीआय या देशाच्या पेमेंट महामंडळाच्या नोंदीत एका आधारपुढे एकच बँक असते, आणि शेवटी जोडलेली बँक तीच. पोराने मधल्या काळात दुसऱ्या कुठल्या योजनेसाठी खाते उघडले असेल तर शिष्यवृत्ती तिकडे गेलेली असते. आधी ते खाते शोधावे. डिसेंबर २०२० च्या निर्णयानंतर अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, त्यातून फी कॉलेजला भरायची असते. हे घरी नीट समजावून सांगितलेले नसेल तर पैसे बियाण्या-खताला जातात. त्यात घराचा दोष कमी, न सांगणाऱ्याचा जास्त.

महाडीबीटीवर मुलाने आपल्या लॉगिनमधून व्हाउचर रिडीम करायचे असते, हेही कित्येकांना ठाऊक नसते. "सर, पैसे काहून नाही आले जी?" म्हणून आलेल्या पोराचे लॉगिन उघडावे, तर व्हाउचर तसेच पडलेले.

*

पासवर्डची वही टेबलावर उघडी ठेवू नये. ब्राउझरमध्ये क्लार्क लॉगिनचा पासवर्ड साठवू नये; त्या कॉम्प्युटरवर दिवसभर कोणीही बसतो. बाबू निवृत्त झाले आणि प्रिन्सिपल लॉगिनचा ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर जात राहिला, असेही होते. सेवानिवृत्तीच्या निरोप समारंभाच्या आधी नंबर बदलून घ्यावा.

*

१२ मे २०१७ रोजी वॅनाक्राय हा फायली कुलूपबंद करणारा व्हायरस जगभर पसरला तेव्हा त्याची दुरुस्ती मार्च महिन्यातच आलेली होती. अपडेट न केलेली यंत्रे तेवढी बळी पडली. जुने यंत्र नेटवर ठेवायचे तर अर्जांच्या प्रती दर शनिवारी वेगळ्या डिस्कवर घ्याव्यात, आणि ती डिस्क काढून कपाटात.

*

बत्तीस बिटच्या यंत्रावर मी लिनक्स मिंटची डेबियन आवृत्ती, एलएमडीई ६, टाकून बघितली आहे. पोर्टल, स्कॅन, प्रिंट सगळे सुखाने चालते. ठशाच्या यंत्रासाठी मात्र विंडोजचे एक यंत्र ठेवावे लागते; बहुतेक ठसायंत्रांची आरडी सर्व्हिस विंडोजसाठीच असते. पैसे थोडेच असतील तर पहिला खर्च एसएसडीवर करावा, दुसरा रॅमवर. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी २४० जीबीची एसएसडी बसली की चहा पिऊन येईपर्यंत सुरू होणारे यंत्र मिनिटाच्या आत उभे राहते.

*

राइस मिलच्या शेजारच्या कॉलेजात कोंडा सीपीयूच्या पंख्यात जाऊन बसतो. तापले की यंत्र आपोआप बंद. ब्लोअरने झाडावे, प्रोसेसरवरची पेस्ट नवी लावावी. मृगाच्या विजांनी लॅन कार्ड आणि राउटर जळतात. ढग गडगडू लागले की केबल काढून ठेवावी, नुसते बटण बंद करून भागत नाही.

*

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चेही पोषण थांबले. म्हणजे केबिनमधून उतरून आलेला 'नवा' कॉम्प्युटरही आता जुन्यांत गेला.

हे सगळे मे महिन्यात उरकावे. पावसाआधी, रोवणीआधी, निकालाआधी. सेल, पंखा, सर्व्हिस पॅक, ब्राउझर, स्कॅनरचे सेटिंग, ठसायंत्राची मुदत. एका कॉलेजला एक पूर्ण दिवस लागतो. नंतर एका जुन्या अर्जावर लॉगिनपासून प्रिंटपर्यंत सगळे करून बघावे, बाबूंच्या हातूनच. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांचे नूतनीकरणाचे अर्ज आधी घ्यावेत. त्यांची माहिती पोर्टलवर असते, काम झपाट्याने होते आणि पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी ऑगस्ट मोकळा राहतो.